क्लास सुटल्यानंतरची पंधरा मिनिटे

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, नववीत शिकते. लहानपणी इतकी बोलकी होती की शेजारच्या आजी तिला मुद्दाम हाक मारून बोलवायच्या. गेल्या दोन वर्षांत मात्र ती घुमी झाली आहे. शाळा, क्लास आणि फोन, एवढेच तिचे जग. क्लासला तिचे बाबा गाडीवरून सोडतात आणि सुटायच्या वेळी दारात उभे राहून घेऊनही येतात, कारण दिवस चांगले नाहीत. मागच्या महिन्यात भाचीच्या हळदीला सगळ्या बहिणी नाचत होत्या आणि ही कोपऱ्यात खुर्चीवर फोन घेऊन बसली होती. मैत्रीण घरी आली, तर दोघी एकाच दिवाणावर आपापल्या फोनमध्ये. नंतर एका रात्री साडेअकराला ती रडताना दिसली, पण विचारल्यावर काही सांगेना. सकाळी ती आंघोळीला गेली असताना मी तिचा फोन उघडून पाहिला. वर्गातल्या चार मुलींनी एकीचा वाढदिवस साजरा केला होता, हिला बोलावले नव्हते आणि फोटो स्टेटसला लावले होते. तिच्या बाबांनी फोन काढून घेतला, पण शाळेचा अभ्यास वर्गाच्या ग्रुपवर येत असल्यामुळे आठ दिवसांत परत द्यावा लागला. ते म्हणतात, ऑस्ट्रेलियात बंदी आली, मग आपल्या घरात का नको? सासूबाई म्हणतात, मोबाईलमुळे माणसे तुटली. फोन कायमचा काढून घ्यावा का? आणि नाही काढला, तर हिला प्रत्यक्षातली माणसे उरतील का?
एक आई, सातारा

उत्तर :

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी त्या रात्री साडेअकराला काय घडले असेल ते नीट पाहू. वाढदिवसाला एखादीला न बोलावणे हे काही मोबाईलमुळे सुरू झालेले नाही. तुम्हालाही कधीतरी कुणी वगळले असेल, मलाही वगळले आहे. फरक एवढाच की आपल्याला ते सोमवारी शाळेत, कुणाच्या तरी बोलण्यातून ओझरते कळायचे आणि तोवर तो केक संपून दोन दिवस झालेले असायचे. तुमच्या मुलीला ते घडत असतानाच दिसले. आधी केकचा फोटो आला असेल, मग चौघींचे चेहरे एका चौकटीत, मग कुणीतरी काढलेला छोटासा व्हिडिओ, ज्यात मागून हसण्याचे आवाज येतात आणि कोणता आवाज कुणाचा हे तिला न बघताही कळते. स्टेटस कुणी पाहिले याची यादी ते लावणाऱ्याला सहसा दिसते, हे तिला पक्के ठाऊक आहे. म्हणजे उघडावे, तर तिने पाहिल्याचे त्यांना कळणार आणि न उघडावे, तर राहवत नाही. खाली शुभेच्छा लिहाव्यात, तर लाचारी वाटते. लिहू नयेत, तर रुसली असे ठरते. चोवीस तास ते सगळे तिथेच राहणार. हा एवढा हिशेब चौदा वर्षांच्या मुलीने अंधारात, अंथरुणात पडून, एकटीने करायचा आणि सकाळी त्याच चौघींच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसायचे. ती रडली यात नवल नाही.

या बाबतीत कृपा करून दोन गोष्टी करू नका. त्या मुलींच्या आयांना फोन करू नका आणि 'एवढे काय त्यात, नाही बोलावले तर नाही' असे तिला म्हणू नका. पहिल्या गोष्टीने ती वर्गात 'आईला सांगणारी' ठरेल आणि दुसरीने पुढच्या वेळी ती तुमच्याजवळ येणारच नाही. समजूत काढण्याची घाईही नको. भाजी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, तिच्याकडे थेट न पाहता, तुमच्या शाळेतल्या अशाच एखाद्या प्रसंगाची गोष्ट सांगा, ज्यात तुम्ही शहाण्या ठरला नव्हता. समोरासमोर बसवून विचारले की या वयाची मुले पोलीस चौकीत आल्यासारखी बसतात. हात कामात आणि नजर दुसरीकडे असली, की हळूहळू बोलू लागतात.

आणि तुम्ही तिचा फोन उघडून पाहिला, हे तिला सांगा. अवघड आहे, मला कल्पना आहे. पण आज ना उद्या तुमच्या बोलण्यातून ते निसटेलच आणि मग वाढदिवसाचे दुःख बाजूला राहून 'आईने चोरून वाचले' हेच मोठे होईल. 'तू रडत होतीस, मी घाबरले, म्हणून पाहिले. पुन्हा पाहावेसे वाटले, तर तुझ्यासमोर पाहीन', एवढे म्हटले तरी पुरे. ती चिडेल. चिडू द्या.

आता बंदीचे. तुमच्या यजमानांनी वाचलेली बातमी खरी आहे. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, फेसबुक, टिकटॉक यांसारख्या समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. मात्र त्या कायद्यातील दोन गोष्टी त्यांना जरूर सांगा. एक म्हणजे कायदा मोडल्यास दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा पालकांना नाही. दुसरी अशी की व्हॉट्सॲप त्या बंदीत नाही. म्हणजे तुमची मुलगी सिडनीत राहत असती, तरी वर्गाचा ग्रुप आणि त्यावरचे वाढदिवसाचे स्टेटस तिला तसेच दिसले असते. शिवाय तिथे बंदी एका वयाच्या सगळ्या मुलांना एकदम लागू झाली. तुमच्या घरातली बंदी फक्त एकीला लागू होईल आणि गोम नेमकी तिथे आहे.

देशाच्या ग्रामीण भागातील मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर' या अहवालाच्या २०२४ च्या आवृत्तीत १४ ते १६ या वयोगटाला स्मार्टफोनविषयी प्रश्न विचारले होते. ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही कामासाठी तो वापरल्याचे ५७ टक्क्यांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे ७६ टक्क्यांनी. खेड्यापाड्यांत ही स्थिती असेल, तर साताऱ्यासारख्या शहरातल्या नववीच्या वर्गात वेगळे काय असणार? उद्या सहलीला कुणी कोणत्या रंगाचे कपडे घालायचे, गणिताच्या सरांना कुणी काय नाव ठेवले, कोण कुणावर रुसले, हे सगळे रात्री फोनवर ठरते आणि सकाळी वर्गात त्यावरच हसणे चालते. फोन नसलेल्या मुलीला ते हसणे कळत नाही. तुमच्या मुलीचे ते आठ दिवस कसे गेले, हे तिला कधी विचारून पाहा. फोन काढून घेतल्याने तिला माणसे परत मिळाली नसणार. होती ती आणखी दूर गेली असणार.

म्हणून फोन निरुपद्रवी आहे असे माझे म्हणणे नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्यविषयक प्रमुख डॉक्टरांनी, मे २०२३ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात म्हटले होते की जी किशोरवयीन मुले दिवसाला तीन तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालवतात, त्यांच्यात नैराश्य आणि चिंतेची लक्षणे दिसण्याचा धोका दुप्पट असतो. दुसरीकडे ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातील फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी लागला. तुलनेसाठी त्यांनी बटाटे खाण्याचाही हिशेब मांडला होता आणि तोही जवळपास तेवढाच निघाला! ही दोन टोके वाचून पालक गोंधळतात, पण मला त्यात फारसा विरोध दिसत नाही. लाखो मुलांची सरासरी काढली की वाढदिवसाला बोलावलेल्या चौघी आणि न बोलावलेली एक एकाच रकान्यात जातात. त्यामुळे फोन किती तास हातात होता यापेक्षा त्या तासांनी तिच्या दिवसातले काय हिरावले, हे मी आधी पाहते. झोप हिरावली का? भेटी हिरावल्या का? की ज्या भेटी आधीच नाहीशा झाल्या होत्या त्यांच्या रिकाम्या जागेत फोन येऊन बसला?

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी तीनदा वाचले. तक्रार म्हणून नव्हे, सहज ओघात तुम्ही लिहिले आहे की तिचे बाबा क्लासच्या दारातून तिला घेऊन येतात. तुमची काळजी मला कळते आणि त्या काळजीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण तुम्ही नववीत असताना मैत्रिणी तुम्हाला कुठे भेटायच्या ते आठवा. वर्गात नाही, तिथे बाई बोलत असायच्या. मैत्री व्हायची ती शिकवणी सुटल्यावर सायकली हातात धरून उगाचच उभे राहण्यात, 'चल ना नाक्यापर्यंत' म्हणत एकमेकींना तीनतीनदा पोहोचवण्यात, दळणाचा डबा घेऊन गिरणीच्या रांगेत बसण्यात. ती पंधरा मिनिटे कोणत्याही वेळापत्रकात नव्हती, त्यामुळे ती कधी गेली हे कुणाच्या लक्षातच आले नाही. आज तुमची मुलगी दारातून गाडीवर आणि गाडीवरून घरात येते. मुलगे निदान मैदानावर किंवा चौकातल्या कट्ट्यावर टेकतात, मुलीने तिथे उभे राहिलेले आपल्याला चालत नाही. मग तिच्या वाट्याला कोणता कट्टा उरला? तोच, जो तिच्या हातात आहे.

त्यात मार्च २०२० ची भर घाला. शाळा बंद झाल्या, तेव्हा ती तिसरीत असेल. ज्या वयात मुले भांडायला आणि भांडण विसरून दुपारी पुन्हा एकत्र खेळायला शिकतात, ते वय तिने चार भिंतींत घालवले आणि तेव्हा तिच्या हातात फोन आपणच दिला होता, शाळा त्यातच भरत होती म्हणून. सासूबाईंचे म्हणणे, की मोबाईलमुळे माणसे तुटली, मला अर्धेच पटते. काही माणसे मोबाईलच्या आधीच सुटली होती.

पण अर्धे पटते, हेही खरे. फोनवरच्या मैत्रीत काही गोष्टींचा सरावच होत नाही. समोरचीचा चेहरा पडला की शब्द मागे घ्यायचे, गप्प बसलेल्या मैत्रिणीशेजारी आपणही गप्प बसायचे, नको असलेल्या गोष्टीला तोंडावर नाही म्हणायचे, हे सगळे भेटीतच जमू लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील संशोधकांनी २०१४ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. सहावीतली ५१ मुले पाच दिवस फोन-टीव्हीच्या पडद्याशिवाय निसर्गशिबिरात राहिली आणि त्याच शाळेतली ५४ मुले नेहमीसारखी घरी राहिली. चेहऱ्यांवरून आणि हावभावांवरून भावना ओळखण्याच्या चाचणीत शिबिरातल्या मुलांनी पाच दिवसांत अधिक प्रगती दाखवली. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण पाच दिवस एकमेकांच्या सहवासात राहिल्याने चेहरे अधिक चांगले वाचता आले, यात कोणत्याही शिक्षिकेला आश्चर्य वाटणार नाही.

समुपदेशनासाठी शाळांमध्ये जाते तेव्हा मला याची दुसरी बाजूही दिसते. एका मुलीने सुट्टीत गावी जाताना स्नॅपचॅटचा पासवर्ड मैत्रिणीला देऊन ठेवला होता. स्नॅपचॅटवर दोघींनी रोज एकमेकींना काहीतरी पाठवले, की नावापुढे ज्योत दिसते आणि दिवसांचा आकडा, म्हणजे 'स्ट्रीक', वाढत जातो. एक दिवस चुकला, की ज्योत विझते. गावी रेंज नसणार, म्हणून मैत्रिणीने दोघींच्याही बाजूने रोज एक कोरा फोटो पाठवायचा, असे ठरले होते. मी विचारले, 'सुट्टीत तुम्ही बोललात का?' ती म्हणाली, 'नाही, पण आमची स्ट्रीक राहिली.' मला हसूही आले आणि वाईटही वाटले. मैत्रीची नोंद चालू ठेवण्यासाठी एवढी धडपड करणारी मुले मैत्रीला किंमत देत नाहीत, असे मात्र मी म्हणणार नाही.

हळदीतल्या कोपऱ्याची मला फारशी काळजी वाटत नाही. चौदाव्या वर्षी चारचौघांत हातांचे काय करावे हेच कळत नसते. पूर्वी अशी मुलगी आईच्या पदराआड उभी राहायची किंवा आत जाऊन ताटे पुसत बसायची, आज ती फोन समोर धरते. पुढच्या कार्यक्रमात 'ठेव तो फोन' असे सर्वांसमोर म्हणण्याऐवजी तिच्या हातात कुंकवाचा करंडा नाहीतर पेढ्यांचे तबक द्या. काम घेऊन फिरणाऱ्या मुलीशी लोक आपणहून बोलतात आणि तिला नाचावे लागत नाही.

दिवाणावरच्या दोघींसाठी मात्र डोळ्यांपेक्षा कानांवर विश्वास ठेवा. दोघींचे हसणे एकाच वेळी येत असेल, तर त्या एकमेकींना काहीतरी दाखवत आहेत आणि त्या सोबतच आहेत. अर्धा तास नुसती शांतता असेल, तर आत जाऊन भेळेचा कांदा चिरायला सांगा. आमच्या इमारतीतल्या आठवी-नववीच्या मुलांनी गेल्या दिवाळीत किल्ला केला, तेव्हा मी गॅलरीतून पाहत होते. दोन तास सगळ्यांचे फोन कठड्यावर ओळीने पडून होते, कारण कुणी बंदी घातली होती म्हणून नव्हे, तर हात कोपरापर्यंत चिखलात होते. बुरुज ढासळला, भांडण झाले, एक जण रुसून जिन्यात जाऊन बसला, त्याला दुसरा घेऊन आला. शेवटी अर्थातच हात धुऊन त्यांनी किल्ल्याचे रील केले आणि पुढचे दोन दिवस त्यावरच गप्पा मारल्या. मैत्रीण घरी येईल तेव्हा हात गुंतवणारे असेच काहीतरी काढा. आणि एका वेळी एकीलाच बोलवा. त्या चौघींपैकी जी सर्वांत मऊ स्वभावाची असेल, तिला. चौघींचा गट फोडण्याचा डाव म्हणून नव्हे. गटापेक्षा एकीशी बोलणे सोपे असते, एवढेच.

घरातल्या नियमांपैकी मी एकाच नियमाचा आग्रह धरेन. रात्री फोन झोपायच्या खोलीत नको. चार्जर बाहेरच्या खोलीत ठेवा, गजराचे एक साधे घड्याळ विकत आणा आणि साडेदहाला घरातले सगळे फोन तिथे जाऊ द्या, तुमचा, यजमानांचा आणि सासूबाईंचाही. तुमच्या साताऱ्याच्या शेजारच्याच सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला, की टीव्ही आणि फोन बंद. साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. भोंग्याच्या मागे कायदा नव्हता. तो सगळ्या गावासाठी वाजायचा, त्यामुळे कुणा एका पोराला आपल्याला शिक्षा झाली असे वाटण्याचे कारण नव्हते. तुमच्या यजमानांनी घेतलेला निर्णय आणि हा भोंगा यांत हाच फरक आहे. वडील रात्री अकराला क्रिकेटचे व्हिडिओ पाहत असतील, तर मुलीचा चार्जर बाहेर नेण्यात अर्थ नाही. (मीही हा नियम पाळायला घेतला, तेव्हा पहिले चार दिवस रात्री उशीजवळ हात चाचपडत होते.)

तिच्या इन्स्टाग्राम खात्यात जन्मवर्ष खरे घातले आहे का, हे तिच्यासोबत बसून एकदा पाहा. पुष्कळ मुले खाते उघडताना वय वाढवून सांगतात. खरे वय असेल, तर भारतात फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेले किशोरवयीनांचे खाते तिला मिळते. ते आपोआप खासगी असते, अनोळखी लोकांचे संदेश त्यावर येत नाहीत, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहतात आणि सोळा वर्षांखालील मुलांना ही बंधने सैल करायला पालकांची परवानगी लागते.

ती जेवेनाशी झाली, शाळेला जायला सतत टाळू लागली, आवडत्या गोष्टींतूनही मन काढून घेऊ लागली किंवा जगणे नको अशा अर्थाचे काही बोलली, तर माझ्या किंवा कुणाच्याही पत्राची वाट न पाहता समुपदेशकाकडे जा. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. तिच्या फोटोंवरून कुणी धमकावत असेल, तर १०९८ ही मुलांची मदतवाहिनी आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे क्रमांक आहेत. तुमच्या पत्रात मला अशी चिन्हे दिसली नाहीत. मला दिसली ती एक दुखावलेली मुलगी, जिला अजूनही त्या चौघींमध्ये जायचे आहे.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर 'नाही, कायमचा काढून घेऊ नका' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र तुमच्या यजमानांच्या हातात आहे. येत्या शनिवारी क्लास सुटल्यावर त्यांना गाडी घेऊन वीस मिनिटे उशिरा जायला सांगा. जमले, तर दारात न थांबता पुढच्या चौकात थांबायला सांगा आणि तिथवर तिला मैत्रिणींबरोबर चालत येऊ द्या. पहिल्या शनिवारी ती बहुधा एकटीच येईल, फोनमध्ये पाहत. तरी पुढच्या शनिवारीही त्यांनी उशिराच जावे.